पत कोणाच्या वहीत?

व्यापाराच्या लौकिकासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. नाव, ख्याती, अब्रू, बोलबाला, पत. त्यांतील छटा मात्र तपासून पाहण्याजोग्या आहेत. नाव कमावता येते, ख्याती पसरते, बोलबाला होतो किंवा करवून घेता येतो. पत मात्र असते, राखली जाते, नाहीतर जाते. ती ज्याची असते त्याने स्वतः सांगायची नसते. दुसऱ्याने मान्य करायची असते. गेल्या दोन दशकांत दुकानाची, खानावळीची, दवाखान्याची पत पडद्यावरच्या पाच ताऱ्यांत मोजली जाऊ लागली आहे, आणि हे तारे 'सांभाळून देणारा' एक स्वतंत्र धंदाही उभा राहिला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या बाजारगप्पांत का पडावे, असा प्रश्न येईल. आमचे उत्तर साधे आहे : हा सारा व्यवहार लेखनाचा आहे. कोणी लिहायचे, कोणाच्या नावाने लिहायचे, लिहिलेले कोणी जपायचे आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते पाहता येणार की नाही, हे प्रश्न महाजालाच्या बरेच आधीचे आहेत. सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या करमाळ्यापासून त्यांचा माग काढता येतो.

करमाळा हे मूळचे निंबाळकरांचे. रावरंभा निंबाळकरांनी तेथे किल्ल्याचे काम आरंभिले, त्यांचे पुत्र जानोजी यांनी ते पुरे केले, आणि त्या किल्ल्याच्या आश्रयाने पेठ वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभीचे इंपीरियल गॅझेटियर या वाढीचे कारण थोडक्यात सांगते : बालाघाटाहून पुण्याकडे आणि अहमदनगराहून सोलापूरकडे जाणारे व्यापारी मार्ग करमाळ्यात एकमेकांना छेदत. जनावरे, धान्य, तेल आणि कापड यांचा हा मोठा बाजार. आठवड्याचा बाजार शुक्रवारी. अशा चौरस्त्यावरच्या पेठेत रोज परका माणूस येतो. त्याला उधारी द्यावी की नाही, त्याच्या हातातील कागद वटवावा की नाही, हे ठरवायला जवळ एकच साधन असे : त्याला ओळखणारा कोणी.

हुंडीची परिभाषा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. ती सामान्यतः वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकात सापडते आणि तेथेच कोरडी पडून राहते. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीचे मुदतीनंतर. हे व्यवहाराचे झाले. पण 'शहाजोग' हुंडी घ्या. तिचे पैसे कोणाही धारकाला मिळत नसत. धारक 'शहा' असला पाहिजे, म्हणजे बाजाराला ठाऊक असलेला प्रतिष्ठित माणूस. कागदावर त्याचे नाव असण्याची गरज नव्हती. त्याचे शहापण बाजाराच्या स्मरणात नोंदलेले असे. याहून नाजूक प्रकार जिकरी चिठ्ठीचा. हुंडी ज्या गावी वटायची त्या गावातील एखाद्या नामांकित पेढीला लिहिलेले हे पत्र : मूळ धन्याने हुंडी नाकारली, तर आमच्या नावाखातर तुम्ही ती पत्करावी. एकाच्या पतीला दुसऱ्याच्या पतीचा टेकू! आजच्या भाषेत याला शिफारस म्हणता येईल. परंतु ही शिफारस करणारा स्वतःचे पैसे आणि स्वतःचे नाव पणाला लावत असे. फुकटची स्तुती ती नव्हती.

पत गेल्याचेही असेच जाहीर लेखन होते. 'दिवाळे' या शब्दाची व्युत्पत्ती दिव्याशी जोडली जाते : ज्याची पेढी बुडाली त्याने भर दिवसा दुकानात दिवा लावायचा, आणि पाहणाऱ्यांनी काय ते समजायचे. (व्युत्पत्तीची ही कथा भाषाशास्त्राच्या कसोटीवर किती टिकते हा वाद निराळा, ती सांगितली जाते यातच तिचा अर्थ आहे.) बाजारातील प्रत्येकाला वाचता येईल असे ते एका अक्षराचे निवेदन होते.

या व्यवस्थेविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. बाजाराची स्मृती बाजारात बसणाऱ्यांचीच होती. बांधावरच्या कुणब्याची पत तेथे कोण सांगणार? त्याची पत सावकाराच्या वहीत असे, आणि ती वही लिहिणारा, जपणारा आणि गरजेप्रमाणे उघडणारा एकच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग आला. तो करमाळ्याहून न जाता अकरा मैल दक्षिणेच्या जेऊरवरून गेला, आणि पेठेचा बराचसा वाहता व्यापार त्याने ओढून नेला. त्याच काळात रोकड सारा, नवी न्यायालये आणि छापील मुद्रांकाचा कागद यांनी सावकाराच्या वहीला पूर्वी कधी नव्हते एवढे बळ दिले. वहीतील आकडा आता कचेरीत पुरावा ठरू लागला. वाचता न येणाऱ्याचा अंगठा कशाखाली उमटला आहे हे त्याला स्वतःला सांगता येत नसे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जे घडले ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. दख्खनच्या दंग्यांचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. करमाळ्याच्या शेजारच्या इंदापूर आणि कर्जत तालुक्यांनाही त्याची झळ लागली. आम्हांस त्यातील एकच गोष्ट येथे अधोरेखित करावयाची आहे. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार तुलनेने कमी झाले. जमावाने मागितले ते रोखे, खते आणि वह्या. मिळाले तेथे फाडले, जाळले. अक्षरशत्रू म्हणवल्या गेलेल्या माणसांनी नेमके अक्षर ओळखले होते. आपल्याविषयी कोणीतरी काहीतरी लिहून ठेवले आहे, ते आपल्याला वाचता येत नाही, खोडता येत नाही, आणि आपले जगणे त्यावर अवलंबून आहे, ही त्यांची तक्रार होती. साहित्याच्या वर्गात 'लेखन आणि सत्ता' हा विषय शिकवताना परदेशी ग्रंथकारांची नावे घेतली जातात. सुप्याचे नाव घेतल्यास विद्यार्थ्यांना तो लवकर उमगेल, असे आमचे मत आहे.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर हे त्याचे पहिले चार जिल्हे. म्हणजे करमाळा त्यात आले. त्या कायद्याचे मूल्यमापन अर्थशास्त्रज्ञांनी अनेक प्रकारे केले आहे, आणि सावकारी त्याने संपली नाही हे उघडच आहे. परंतु त्यातील काही कलमे लेखनव्यवहाराच्या दृष्टीने विलक्षण आहेत. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, म्हणजे लिहिणारा तिसरा असावा. पैसे फेडल्याची पावती मागण्याचा ऋणकोला हक्क असावा. त्याला हिशेबाचा वार्षिक उतारा मिळावा, मागितल्यास पासबुक मिळावे. वही एकाच्या हाती राहिली, पण तिची एक प्रत दुसऱ्याच्या हाती आली. पुढे आपण जेथे पोहोचणार आहोत तेथे ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

आता काळ थोडा पुढे आणि वाट थोडी दक्षिणेकडे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईना; लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, ही हकीकत किर्लोस्करांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. जुन्या पेठेचा उपाय येथे चालणारा नव्हता. नव्या वस्तूची साक्ष कोण देणार? शहाजोग धारकाला ओळखणारे निदान दहाजण असत. या नांगराला ओळखणारा कोणी नव्हता. तेव्हा कारखान्याला स्वतःचा लौकिक स्वतः लिहावा लागला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. संपादक शंकरराव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे, मुळात चित्रकार आणि कारखान्याच्या जाहिरातींचे काम पाहणारे. आरंभीची 'खबर' कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्रक होती. नांगर, चरक, गिऱ्हाईक, विक्रेता, एवढीच तिची दुनिया.

पण शंकररावांना लवकरच एक गोष्ट उमगली असावी, असे पुढील अंकांच्या वाटचालीवरून वाटते : आपल्या मालाची स्तुती किती वेळा वाचणार? वाचकाने अंक उघडावा असे काही त्यात असले, तरच अंकाचे नाव आणि पर्यायाने कारखान्याचे नाव घरात जाईल. १९२९ पासून मासिक नुसते 'किर्लोस्कर' झाले. १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले, कथा आल्या, मध्यमवर्गीय मराठी घराच्या आवडीनिवडी काही अंशी या तीन मासिकांनी घडवल्या. वाङ्मयेतिहासात आपण त्यांना नियतकालिके म्हणून वाचतो आणि नांगराचा विसर पडतो. आमच्या मते तो विसर पडणे हेच त्या उपक्रमाचे यश होते. रूढीवर घाव घालणारे मासिक आणि लोखंडाची भीती घालवणारा नांगर एकाच आवारातून निघत होते, आणि दोहोंना लागणारा वाचक-गिऱ्हाईक एकच होता. अमृतांजनाचेही उदाहरण सहज आठवते : १८९३ साली मुंबईत हा बाम काढणाऱ्या काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १९०८ साली मुंबईतूनच 'आंध्रपत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केले. डोकेदुखीचे औषध आणि भाषेचे पत्र, असा हा संसार.

येथे एक फरक नोंदवला पाहिजे. 'किर्लोस्कर'च्या मुखपृष्ठावर नाव स्वच्छ छापलेले असे. हे कोण लिहीत आहे, कोणाच्या पैशाने, हे वाचकापासून लपवलेले नव्हते. दुकानदाराच्या पाट्यांतही हाच रोखठोकपणा असतो. 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीवर आपण पुष्कळ विनोद केले. पण नकली नावाने माल खपवणारे आजूबाजूला असताना 'हे नाव याच ओट्यावर भेटेल' असे सांगणारी ती पत्ता-जोग हुंडीच आहे. नाव एकट्या दुकानाचे नसून गावाचे असेल, तर पाटी पुरत नाही. सोलापुरी चादरीची नक्कल परगावी विणली जाऊ लागली, तेव्हा भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याचा (१९९९, अंमल २००३ पासून) आधार घेऊन ते नाव सोलापूरच्या नावे नोंदवून घ्यावे लागले.

मग महाजाल आले आणि साक्षीदार बदलला. १९९५ साली सुरू झालेल्या, पुढे ई-बे म्हणून ओळखल्या गेलेल्या अमेरिकी लिलाव-बाजारात एकमेकांना कधीही न भेटणारे लोक व्यवहार करू लागले. १९९६ साली पिएर ओमिद्यार यांनी तेथे खरेदीदार-विक्रेत्यांनी एकमेकांविषयी जाहीर शेरा लिहिण्याची सोय केली. करमाळ्याच्या चौरस्त्यावरचाच प्रश्न होता तो : परक्यावर भरवसा कसा ठेवायचा? उत्तर मात्र वेगळे निघाले. एका नामांकित माणसाऐवजी शंभर अनोळखी माणसे. जिकरी चिठ्ठी लिहिणारा आपले नाव पणाला लावी. तारे देणाऱ्याला काहीच लावावे लागत नाही. तोट्याची जोखीम गेली, की खोट्या साक्षीची किंमत अगदी स्वस्त होते. विकत घेतलेली स्तुती, प्रतिस्पर्ध्याच्या दुकानावर पेरलेली निंदा, कधीही न जेवलेल्या गिऱ्हाइकाने वर्णिलेले जेवण, हे सारे त्यातून आले. शैलीच्या अभ्यासकाला या मजकुरात एक ओळखीची खूण सापडेल : खोटी स्तुती विशेषणांनी लिहिली जाते. खरी तक्रार नामांनी लिहिते : कोणता वार, किती वाजता, भाकरी कशी होती, पैसे किती घेतले.

शासनाने याची दखल घेतली आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय गोळा कसे करावेत, लिहिणारा खरा आहे हे कसे पडताळावे, हे त्यात सांगितले आहे. मानक ऐच्छिक ठेवले गेले. दुसऱ्या बाजूस, २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले आणि मध्यस्थ कंपनीने मजकूर काढायचा तो न्यायालयाच्या अथवा शासनाच्या आदेशाने, असे ठरवले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. कोणाही दुकानदाराच्या तक्रारीवर गिऱ्हाइकाचे लेखन पुसले जाऊ लागले, तर अभिप्रायाला अर्थ राहणार नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा, की तालुक्याच्या गावातील छोट्या व्यावसायिकाला खोटी निंदा पुसून घेण्यासाठी, कंपनी स्वतःहून ऐकेना, तर थेट न्यायालयाची पायरी चढावी लागते.

करमाळ्याची पेठ आज पूर्वीच्या अर्थाने चौरस्ता नाही. उजनीच्या पाणफुगवट्याने तालुक्याचा दक्षिण-पश्चिम भाग पालटला. कंदरच्या परिसरातली केळी आखाती देशांत जाते आणि तिकडचा खरेदीदार बागाईतदाराला ओळखत नाही, खोक्यावरचा शिक्का ओळखतो. पेठेतील दुकानदाराची गोष्ट मात्र १८७५ च्या कुणब्याच्या अधिक जवळची आहे. त्याच्याविषयीची वही दूरच्या कंपनीकडे आहे. कोणता शेरा वर दिसावा, कोणता तळाशी जावा, सरासरी कशी काढावी, हे ती ठरवते. शेरा लिहिणाऱ्याचे खरे नाव त्याला कळेलच असे नाही. आपल्या दुकानात तो आला होता की नाही, हेही नाही. १८७९ च्या कायद्याने ऋणकोला दिलेल्या वार्षिक उताऱ्यासारखे, हा आकडा कसा आला ते सांगणारे काही त्याला मिळत नाही.

त्याच्या हाती एकच गोष्ट दिली आहे : शेऱ्याखाली उत्तर लिहिण्याची जागा. या उत्तरांचे गद्य आम्ही अलीकडे आवर्जून वाचतो. लौकिक सांभाळून देणाऱ्यांकडून लिहून घेतलेले उत्तर लगेच ओळखू येते. गाव कोणतेही असो, दिलगिरी तीच आणि शब्दही तेच. पण मधूनच एखादा दुकानदार स्वतः लिहितो. त्या दिवशी वीज नव्हती, आचारी गावाला गेला होता, तुम्ही पुन्हा या, पैसे घेणार नाही. शुद्धलेखनाच्या चुका असतात, खाली स्वतःचे पूर्ण नाव असते, आणि बहुधा दुकान कोणत्या चौकात आहे तेही सांगितलेले असते.