काळ्या यादीची कुळकथा

दापोडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातला लहान कारखानदार आज कोटेशन आणि ड्रॉइंग मेलनेच पाठवतो. तो मेल ५५० किंवा ५५४ हा आकडा घेऊन बाउन्स झाला आणि सोबत ‘ब्लॅकलिस्ट’ असा शेरा आला, की हातची ऑर्डर जाण्याची वेळ येते. ही यादी कशी जन्मली, हे म्हणूनच या पट्ट्याने जाणून घ्यावे.

मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये नव्याने लिहून काढले. नेटवर्क तेव्हा लहान होते, वापरणारे विश्वासातले होते. त्यामुळे पाठवणाऱ्याचे नाव पडताळण्याची सोय त्यात ठेवली गेली नाही. प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव घालावे! पाठवणाऱ्या यंत्राचा नेटवर्कवरचा क्रमांक म्हणजे आयपी पत्ता, त्याचे तसे नाही. सर्व्हरचे उत्तर त्याच पत्त्यावर पोचल्याशिवाय पुढचे बोलणे होत नाही, म्हणून तो खोटा देऊन भागत नाही.

नव्वदीच्या दशकात स्पॅम वाढला आणि त्याचा भुर्दंड घेणाऱ्यावर पडू लागला. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट लोकांसाठी खुले केले. त्या डायल-अपच्या काळात नको असलेला मेल उतरवून घ्यायलाही फोनचे बिल भरावे लागे. त्यात जगभरचे अनेक सर्व्हर कोणाचाही मेल मुकाट पुढे ढकलत, आणि स्पॅमवाले त्यांच्या आडून पाठवत.

१९९७मध्ये कॅलिफोर्नियात पॉल विक्सी यांनी स्पॅम जिथून येतो अशा आयपी पत्त्यांची यादी सुरू केली. पुढे तिचे काम ‘मॅप्स’ या संस्थेतून चाले. आधी ती थेट राउटरना पुरवली जाई. मग एरिक झीगास्ट यांच्या सूचनेवरून ती डीएनएसमधून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या व्यवस्थेतून, मिळू लागली आणि कोणत्याही मेल सर्व्हरला वापरता आली. १९२.०.२.२५ या पत्त्यावरून जोडणी आली, तर सर्व्हर आकडे उलटवून २५.२.०.१९२ करतो, पुढे यादीचे नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. १२७.०.०.२ असे उत्तर आले, की मजकूर उतरण्याआधीच दार बंद. आजही पद्धत हीच आहे.

हे गावकीने वाळीत टाकण्यासारखे हत्यार होते, आणि त्याचे दोषही तसेच. शेजाऱ्याच्या स्पॅमपायी निर्दोष सर्व्हरही अडकत. प्रकरणे कोर्टात गेली. न्यूझीलंडमधली ‘ऑर्ब्स’ ही यादी २००१मध्ये बंद पडली. १९९८मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्थापलेल्या ‘स्पॅमहाउस’वर अमेरिकेत २००६मध्ये १.१७ कोटी डॉलरचा एकतर्फी निकाल लागला. अपिलात २०११मध्ये ती रक्कम अवघ्या ३ डॉलरवर आली. पत्ता यादीत का घातला आणि बाहेर कसा पडेल, हे यादीवाल्यांनी उघड सांगावे, अशी शिफारस इंटरनेटच्या तज्ज्ञांनी २०१२मध्ये लेखी केली. ती पाळणारी यादीच वापरण्याजोगी.

आपल्या लहान कारखान्यांची अडचण बहुधा वेगळी असते. साध्या ब्रॉडबँडचे बदलते पत्ते ‘येथून थेट मेल येऊ नये’ अशा यादीत आधीच असतात. तिथे स्पॅमचा आरोप नसतो. म्हणून कारखान्यातून थेट मेल सोडू नका, सेवादात्याच्या सर्व्हरमार्फत पाठवा. स्वतःचाच सर्व्हर हवा असेल, तर स्थिर आयपी घ्या, त्याची उलटी डीएनएस नोंद करून घ्या, आणि तो पत्ता कोणत्या यादीत आहे का हे अधूनमधून तपासत राहा.