मानमोडी, राणीखेत आणि आईची वीस पिल्लं

आजचा भाग वणीहून, आमच्याच अंगणातून. मध्येच कोंबडा आरवला तर चालवून घ्या, त्याला गप्प करणं माझ्या हातात नाही.

गेल्या आठवड्यात आईच्या दोन खुडूक कोंबड्यांनी मिळून वीस पिल्लं काढली आणि घरात वाद सुरू झाला. लस द्यायची की नाही? मी म्हटलं, द्यायचीच. आई म्हणाली, "वीस पिल्लांसाठी शंभर डोसची बाटली काहून फोडू? बाकीची काय नालीत सांडू?"

आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पण दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा मी विसरलो नाही. चार दिवसांत आमच्या तीसेक कोंबड्या गेल्या. आधी हिरवी हगवण, मग मान पिळल्यासारखी वाकडी, मग पाय ताणून आडव्या. त्या विकून माझी परीक्षा फी भरायची होती. ती शेवटी उसन्या पैशांनी भरली.

आजी या रोगाला 'मानमोडी' म्हणते. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली होती ना, तिलाही आपल्याकडे लोक मानमोडीच म्हणत. माणसांचा तो रोग वेगळा, कोंबड्यांचा हा वेगळा, पण भीती तीच. डॉक्टरांच्या भाषेत कोंबड्यांच्या या रोगाचं नाव राणीखेत. हो, उत्तराखंडातलं थंड हवेचं गाव, तेच!

झालं असं, की १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये कोंबड्या पटापट मरायला लागल्या. म्हणून जग या रोगाला न्यूकॅसल म्हणतं. लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत राणीखेतला तशीच साथ आली आणि आपल्याकडे त्या गावाचं नाव रोगाला कायमचं चिकटलं.

त्याच कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला सरकारी प्रयोगशाळा होती. ती मूळची आपल्या पुण्याची बरं का. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. तिथे १९४० च्या दशकात राणीखेतचा विषाणू अंड्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून कमजोर केला आणि लस तयार झाली. आजही ती 'आर टू बी' नावाने मिळते. पण ती जरा जहाल, म्हणून साधारण दोन महिन्यांच्या पक्ष्यांना देतात. कोवळ्या पिल्लांसाठी 'लासोटा' आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये लासोटा आडनावाच्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांत एक सौम्य विषाणू सापडला, त्यावरून हे नाव.

तसं पाहिलं तर रोगाचा जंतू प्रयोगशाळेत कमजोर करून लस बनवायची, ही युक्तीच कोंबड्यांपासून सुरू झाली. १८७९ च्या सुमारास लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होता. बरेच दिवस पडून राहिलेले जंतू टोचले तर कोंबड्या मेल्या नाहीत. पुढे त्यांनाच ताजे जंतू टोचले, तरी त्या जगल्या!

आता बघा, राणीखेतची लस आपल्या देशात स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. मग आमच्या कोंबड्या का मेल्या?

कारण त्या बाटलीत आहे. बाटली शंभर, पाचशे, हजार डोसची. शेडवाल्याला ती सोयीची, अंगणात वीस पिल्लं असणाऱ्या बाईला नाही. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची आणि वणीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास. एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवायची. उष्णता जास्त सोसणाऱ्या लसी ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी खास गावातल्या कोंबड्यांसाठी शोधल्या, आफ्रिकेतल्या खेड्यांत त्या वापरल्याही गेल्या. म्हणजे अडचण फक्त आमच्या आईची नव्हती.

आजीचं म्हणणं वेगळंच. "लस देल्ली तरी मरतेत." तिने खरंच तसं पाहिलंय. शेजारच्या कोंबड्या मरायला लागल्या की लोक लस आणायला धावतात. तोवर विषाणू आत शिरलेला असतो. लसीला काम करायला आठ-पंधरा दिवस लागतात. पक्षी मरतो आणि नाव लसीचं खराब होतं. रोग झाल्यावर त्यावर औषध नाही, हेही तितकंच खरं.

बाबांनी विचारलं, "मग बर्ड फ्लूपण थांबते का यानं?" नाही. तो विषाणूच वेगळा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. लासोटा फक्त राणीखेतपासून वाचवते. एका लसीकडून सगळ्याची अपेक्षा ठेवली की पुन्हा आजीसारखाच विश्वास उडतो.

शेवटी तोडगा आईनेच काढला. संध्याकाळी ती गल्लीत फिरली आणि पिल्लं मोजून आली. पाच घरं, शहाऐंशी पिल्लं. "आता फोड बाटली," म्हणाली.

उद्या सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, सगळी पिल्लं डालग्यांत घालून आमच्या अंगणात येणार. पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून ठेवलंय. बर्फाचा थर्मास तयार आहे. तंदुरुस्त पिल्लांच्याच डोळ्यात एकेक थेंब. आजारी दिसेल ते वेगळं ठेवायचं. महिन्याभराने पुन्हा एकदा, आणि दोन महिन्यांची झाली की 'आर टू बी'चं इंजेक्शन.

सगळी जगतील असं मी म्हणणार नाही. मांजर आहे, घार आहे. पण मानमोडी कुंपण बघून येत नाही, म्हणून एका घराने लस देऊन भागत नाही. आम्ही इतकी वर्षं वीस पिल्लांचा हिशेब करत बसलो. आईने गल्लीचा केला.

तुमच्या गावात या रोगाला काय म्हणतात? आजीला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!