गुराब, गलबत आणि प्लास्टिकच्या विटा

साताऱ्याला समुद्र नाही. सांगलीला कृष्णा आहे, तिच्यात होड्यांच्या शर्यती होतात, पुराच्या वर्षी ती घरातही येते, पण ती काही समुद्र नव्हे. तरीही मराठी आरमाराचा इतिहास सांगताना सातारा वगळता येत नाही. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्याला झाला. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना ताराबाईंच्या पक्षातून शाहूंच्या पक्षात आणले आणि कान्होजींची सरखेली साताऱ्याच्या गादीने कायम केली. 'सरखेल' या शब्दाचीही गंमत आहे. सर म्हणजे प्रमुख आणि खैल म्हणजे घोडदळाचा जमाव. म्हणजे समुद्रावरच्या सर्वात मोठ्या मराठी अधिकाऱ्याची पदवी मुळात घोडेस्वारांच्या म्होरक्याची होती. देशावरच्या दरबाराने समुद्राकडे कोणत्या नजरेने पाहिले, ते या एका शब्दात कळते.

दिवाळीत आपल्याकडे मुले मातीचे किल्ले करतात. अळीव पेरून हिरवळ उगवतात, बाजारातून मावळे आणतात. रायगड, प्रतापगड, अजिंक्यतारा यांची चढाओढ असते. कोणी सिंधुदुर्ग केला तर निळ्या रंगाच्या पाण्यात थर्माकोलचे एक जहाज तरंगते. ते जहाज नीट पाहिले तर तीन उंच डोलकाठ्या, चौकोनी शिडे, दोन्ही अंगांना तोफांच्या रांगा. ते कोलंबसाच्या कुळातले निघते. किल्ल्याचा बुरूज कुठे, दरवाजा कुठे, यावरून मुले भांडतील; पण महाराजांच्या आरमाराला युरोपी जहाज चिकटवताना कोणालाच काही खटकत नाही. मोठ्यांनाही नाही.

म्हणून शाळेत ठरवले की जहाजच करायचे. साहित्य म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या विटा. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने या विटेचे आजचे रूप १९५८ साली पेटंट केले. मूळ कंपनीच्या विटा आमच्या मुलांच्या खिशाला झेपणाऱ्या नाहीत. पण तशाच दिसणाऱ्या, खेळण्यांच्या दुकानात पोत्याने मिळणाऱ्या विटा चालतात. परदेशात काही छांदिष्ट मंडळी अशा विटांपासून जुन्या शिडांच्या जहाजांच्या अगदी मापात प्रतिकृती करतात. दोऱ्या, कप्प्या, तोफांची झाकणे, सगळे मोजून. त्यांच्यासमोर त्या त्या देशाच्या नौदलाचे मूळ आराखडे असतात. आपल्यासमोर काय आहे?

आंग्र्यांची गुराब आज कुठेही उभी नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. या मोहिमेत इंग्रजांचा साथीदार कोण होता? पेशवा. आपले आरमार आपल्याच संमतीने जळाले, आणि शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने पुढे १७७१ साली इंग्लंडमध्ये बसून त्या विजयाचे चित्र काढले. शत्रूने काढलेले आपल्या राखेचे चित्र, तेही आपल्याला पुरावा म्हणून वापरावे लागते.

सर्वात नेमके वर्णनही शत्रूच्या बाजूचेच. कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म. त्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७६३ मध्ये निघाला. तो सांगतो की गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. दोनवाली १५० टनांच्या आतली, तीनवाली ३०० टनांच्या आसपास. तळ उथळ, लांबीच्या मानाने रुंदी जास्त, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. आणि मुख्य म्हणजे नाळ. युरोपी जहाजाची नाळ फुगीर असते. गुराबेची नाळ लांब, चोचीसारखी पुढे आलेली. अरबीत गुराब म्हणजे कावळा. नाव चोचीवरून पडले की काळ्या रंगावरून, हा वाद चालू राहो, पण प्रतिकृतीला चोच नसेल तर ती गुराब नव्हे.

या नाळेवरचा डेक उघडा, त्याला कठडा नाही. समोरून लाटा आल्या की गुराब नाकावर आपटायची आणि पाणी आत यायचे. कठडा असता तर ते साचले असते. नसल्यामुळे धुऊन निघून जायचे. उघड्या नाळेच्या मागे एक आडवी भिंत, तिला दोन भोके, त्यांतून ९ किंवा १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा सरळ पुढे तोंड करून. बाजूंना ६ ते ९ पौंडी. मुलांनी पहिल्या दिवशी केलेल्या जहाजात सगळ्या तोफा बाजूंना होत्या, कारण सिनेमात तसेच असते. तोफा पुढे का, हे कळायला लढण्याची रीत कळावी लागते. आंग्र्यांचे लोक मोठ्या इंग्रजी जहाजाच्या कुशीला जात नसत, तिथे त्याच्या तोफांची रांग असे. ते मागून येत. वारा पडला तर वल्ह्यांची गलबते गुराबांना दोराने ओढून आणत. पुढच्या तोफांनी आधी डोलकाठ्या आणि दोरखंड तोडायचे. जहाज पांगळे झाले की चहूबाजूंनी जवळ यायचे, आणि तरीही ते शरण येत नसेल तर गलबतांवरचे शेकडो लोक तलवारी घेऊन वर चढायचे. एवढे सांगितल्यावर एका मुलीने न विचारताच बाजूच्या तोफा काढून पुढे लावल्या.

आता मापाचा प्रश्न. या विटांसोबत येणारा बाहुला सुमारे ४ सेंटीमीटर उंच. तो साडेपाच फुटी खलाशी धरला तर प्रमाण साधारण ४० ला १ पडते. विटेवरच्या दोन बटणांमधले अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे एक बटण खऱ्या जहाजाचे सुमारे ३२ सेंटीमीटर. समजा ७० फुटांचे गलबत घेतले, तर प्रतिकृती ५३ सेंटीमीटरची, ६६ बटणांची. सातवीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाण शिकवताना वर्ग इतका जागा क्वचितच असतो.

खरी अडचण बाकाची. वीट चौकोनी, जहाज वाकडे. विटा पायऱ्यांसारख्या रचून बाक आणला तर जहाज घाटासारखे दिसते. यावर छांदिष्टांची युक्ती अशी की बाजूची भिंत वेगळी, आडवी तयार करायची आणि बिजागरीच्या तुकड्याने सांगाड्याला जोडून आत वळवायची. हे जमते, कारण विटांच्या मापात एक सोय आहे. पातळ वीट ३.२ मिलिमीटर जाड असते. अशा पाच एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर, बरोबर दोन बटणांचे अंतर. म्हणून आडव्या विटा उभ्या विटांत चपखल बसतात. (मिरजेत सतारी करणाऱ्या कारागिरांना हा सगळा खटाटोप पोरखेळ वाटेल. भोपळ्याचा बाक लाकडाशी जुळवण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या आहेत, तेही बिजागरीशिवाय.) उथळ तळ मात्र विटांना मानवतो. खोल तळ करावाच लागत नाही, आणि त्यातच गुराबेचे मर्म होते. इंग्रजी जहाज जिथे रुतायचे त्या खाडीत ती सहज शिरायची.

रंगावरून वाद झाला. आमच्याकडे तपकिरी विटा थोड्या. लाल, पिवळ्या, निळ्या ढिगाने. एका सहकाऱ्याचे म्हणणे की लाल-पिवळी गुराब म्हणजे इतिहासाची थट्टा. मला तसे वाटत नाही. रंग चुकला तर डोळा चुकतो. नाळ चुकली, तोफा चुकल्या तर समज चुकते. विटा कमी असतील तर आधी आकार सांभाळावा. शीड मात्र विटांचे करू नये. गलबताच्या मुख्य डोलकाठीला एकच मोठे त्रिकोणी शीड असे आणि उभारल्यावर त्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाई. आम्ही मांजरपाटाला खळ लावून ते केले.

पण मला खरे सांगायचे आहे ते पुढचे. काम चालू असताना एका मुलाने विचारले, "सर, अपने लोगां कौनसे जहाज पो थे?"

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. आमच्या जिल्ह्यांत इतिहास हा फार लवकर दगड होतो. २००९ मध्ये मिरजेत एका कमानीवरच्या चित्रावरून काय झाले आणि त्याची झळ कुठवर पोचली, हे त्या मुलाच्या आईबापांनी पाहिले आहे. त्याच्या प्रश्नात भीती होती की या गोष्टीतही आपण समोरच्याच जहाजावर असणार.

त्याला खांदेरीची गोष्ट सांगितली. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. ऑक्टोबरमध्ये मराठी आरमार चालून आले आणि इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराब पकडली गेली. त्या आरमाराचा प्रमुख होता दौलतखान. पुढे इंग्रजांच्या मदतीला आले जंजिऱ्याचे सिद्दी कासम, आणि जानेवारी १६८० मध्ये त्यांनी शेजारचे उंदेरी बेट घेतले. उंदेरीवर हल्ला करताना दौलतखान जखमी झाला. म्हणजे नमाज पढणारे लोक दोन्ही बाजूंना होते. एक छत्रपतींसाठी रक्त सांडत होता, दुसरा मुघल बादशहाच्या चाकरीत होता. सभासद बखरीत तर आरमाराच्या दोन सुभेदारांपैकी दर्यासारंग हा मुसलमान असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. दर्यासारंग हे नाव की पदवी, यावर अभ्यासक वाद घालतात, तो वेगळा विषय. मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तो फिर दोनो जहाज बनाने पडते." त्याचे बरोबर होते.

एका पालकांची तक्रार अशी की उर्दू शाळेत मराठी आरमार कशाला. त्यांना मी शब्दांची यादी दिली. आरमार पोर्तुगीज, पण त्यातली माणसे आणि वस्तू? खलाशी, सारंग, बंदर, दर्या, सुकाणू हे सगळे अरबी-फारसीतून आलेले आणि कोळीवाड्यात रुळलेले. उर्दू गझलेत जो नाखुदा भेटतो तोच कोकणात नाखवा होऊन मासळी आणतो. आणि जहाजावर तारे बघून वाट दाखवणारा मालिम, तो अरबी मुअल्लिम. उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. या शेवटच्या शब्दावर त्या गृहस्थांना हसू आले आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप 'चाचे' या शब्दाचा. लेगोने १९८९ मध्ये चाच्यांची जहाजे बाजारात आणली तेव्हापासून एका बाजूला सैनिक आणि दुसऱ्या बाजूला कवटीचे निशाण, अशी विभागणी मुलांच्या डोक्यात बसली आहे. इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटले. पण पोर्तुगीज आपला कार्ताझ नसलेले जहाज दोन शतके पकडत होते. त्याला ते कायदा म्हणत. कान्होजींनी आपले दस्तक नसलेले जहाज पकडले तर ती चाचेगिरी! किनारा ज्याचा त्याचे दस्तक, एवढाच कान्होजींचा दावा होता. आज मुंबईत भारतीय नौदलाचा तळ 'आय.एन.एस. आंग्रे' या नावाने उभा आहे, म्हणजे तो खटला निकाली निघाला असे समजायला हरकत नाही. आमच्या गुराबेवर कवटीचे निशाण नाही.

एकच गुराब करून भागत नाही, हेही नंतर लक्षात आले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक प्रकरण आहे. त्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा असे म्हटले आहे. जहाजे फार मोठी नकोत, फार लहानही नकोत. त्याच प्रकरणात लाकडाविषयी ताकीद आहे. रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती लेकरासारखी वाढवलेली असतात. रयतेला दुखवून केलेले काम टिकत नाही. युद्धनौका बांधण्याच्या सूचनांमध्ये फणसाच्या झाडाची काळजी! मुलांना तोफांपेक्षा हे जास्त आवडले. वसाहतीत रस्ता रुंद करताना गेलेली झाडे त्यांनी लगेच मोजून दाखवली.

पाच आणि पंधरा होण्याइतक्या विटा आमच्याकडे नाहीत. सध्या एक गुराब पूर्ण आहे, एक गलबत चालू आहे आणि सिद्द्यांच्या जहाजाचा नुसता तळ झाला आहे. गलबताला ऑर्मच्या हिशेबाने ४० ते ५० वल्ही हवीत. विटांच्या पिशवीत वल्ह्याचे तुकडे निघाले फक्त सहा. उरलेली मुले खराट्याच्या काड्यांची करत आहेत. एका अंगाची वीस झाली, दुसऱ्या अंगाची व्हायची आहेत.