वाटणी सारखी

इंग्लंडच्या दक्षिणेला, ब्रायटनपासून बारा-तेरा किलोमीटरवर लुईस नावाचं गाव आहे. वस्ती सतरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं ठिकाणच म्हणा ना. चढउताराच्या गल्ल्या, वर जुना किल्ला, खाली ओढ्यासारखी नदी. माणसाच्या हक्कांवर पुस्तक लिहिणारा टॉमस पेन १७६८ ते १७७४ ह्याच गावात राहिला. पण मला आज सांगायचंय ते तिथल्या फुटबॉल क्लबाबद्दल. फुटबॉल म्हटलं की आपण बायका पान उलटतो. हे मात्र वाचा, कारण ही गोष्ट चेंडूपेक्षा पैशांच्या वाटणीची आहे.

आधी एक खुलासा. इंग्लंडात वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब खेळतात. पेपरात नाव येतं ते ह्यांचं. त्याखालच्या सगळ्या क्लबांना ‘नॉन-लीग’ म्हणतात. तिथले बरेचसे खेळाडू दिवसभर आपली नोकरी, कामधंदा करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. तिकिटाचे पैसे, चहा-बिअरचा गल्ला आणि गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती ह्यांच्यावर क्लबाचा संसार चालतो. महिनाअखेरीला डबे हलवून बघणाऱ्या घरासारखा.

लुईसचा क्लब १८८५ साली स्टेशनाजवळच्या एका पबमध्ये वीसेक पोरांनी जमून काढला. कपड्यांचे रंग लाल आणि काळा. मैदानाचं नाव मोठं गमतीचं, ‘ड्रिपिंग पॅन’. भट्टीत भाजताना गळणारी चरबी धरायला खाली ठेवतात ना, ते पसरट भांडं! मैदान खोलगट आहे, बाजूंनी गवताचे बांध आहेत. शेजारी मध्ययुगातल्या मठाचे अवशेष आहेत. मठातले साधू इथे मीठ पिकवायचे, म्हणून हा खळगा झाला, असं गावात सांगतात. क्लब जन्मला तेव्हापासून इथेच खेळतोय.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षं फार गाजावाजा नाही. १९२० साली ससेक्स परगण्याची लीग सुरू झाली, तिच्या पहिल्या क्लबांत लुईस होता. १९६५ मध्ये त्याहून मोठ्या अथीनियन लीगमध्ये आणि १९७७ मध्ये इस्थमियन लीगमध्ये गेला. एकेक पायरी, जपून.

मग २००८ साली संघानं आपली श्रेणी जिंकली आणि नॉन-लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर चढला. गाव खूश. पण पायरी वर गेली की खर्चही वर जातो. खेळाडूंचे पगार, लांबचे प्रवास, मैदानाच्या सोयी. लग्नात ऐपतीपेक्षा मोठा मांडव घातला की पुढे काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. एका वर्षात संघ तळाला जाऊन खाली उतरला आणि देणी गळ्याशी आली. सव्वाशे वर्षांचा क्लब बंद पडायच्या बेताला आला.

२०१० मध्ये गावातल्या सहा जणांनी पुढाकार घेतला. क्लबाच्या वयावरून त्यांनी गटाचं नाव ठेवलं ‘रूक्स १२५’. रूक म्हणजे कावळ्याच्या जातीचा पक्षी, हे क्लबाचं टोपणनाव. त्यांनी क्लब ताब्यात घेतला आणि कुणा एका शेठजीच्या हाती न देता गावाच्या मालकीचा केला. कुणीही वर्गणी भरून मालक व्हावं. वर्गणी किती का दिली असेना, मत एकच. पुढे अशा मालकांची संख्या दोन हजारांच्या वर गेली.

आता मूळ मुद्दा. लुईसचा बायकांचा संघ २००२ मध्ये सुरू झाला. इतका उशीर का, ह्याला मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या इंग्रज मुलींनी फुटबॉलचे संघ काढले. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर बायकांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, फुटबॉलच्या मुख्य संघटनेनं हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. त्यांना खेळ येत नव्हता असं नाही, प्रेक्षक नव्हते असंही नाही. मैदानच काढून घेतलं. आणि मग पुढच्या पिढीला ऐकवायचं, बायकांच्या खेळाला बघायला येतंच कोण!

जुलै २०१७ मध्ये लुईस क्लबानं जाहीर केलं, की ह्यापुढे पुरुषांच्या आणि बायकांच्या संघासाठी खेळाडूंच्या मानधनाची रक्कम सारखीच राहील. मैदान एकच, सरावाच्या सोयी सारख्या, प्रशिक्षणावर सारखाच भर. अशी वाटणी करणारा जगातला हा पहिलाच क्लब. लक्षात घ्या, गडगंज क्लबांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. सुचलं ते सात वर्षांपूर्वी बुडता बुडता वाचलेल्याला. मला वाटतं, ते मालकीमुळे सुचलं. ताटात किती वाढायचं हे एकच माणूस ठरवत असेल तर जुनी सवय चालू राहते. मालक शेकड्यांनी असले, त्यात बायकाही असल्या, की कुणीतरी विचारतंच, तिला कमी का?

आता कुणालाही वाटेल, ह्यात पुरुषांच्या संघाचं नुकसान झालं असणार. झालं उलटंच. समान वाटणीच्या पहिल्याच हंगामात पुरुषांचा संघ आपल्या श्रेणीत दुसरा आला आणि वर चढला. बायकांना २०१८ मध्ये देशातल्या दुसऱ्या श्रेणीत जागा मिळाली.

क्लब एवढ्यावर थांबला नाही. २०१९ च्या सुरुवातीला त्यानं संघटनेला जाहीर पत्र लिहिलं. एफ.ए. कप ह्या मानाच्या स्पर्धेत तेव्हा पुरुषांसाठी बक्षिसांची एकूण रक्कम ३ कोटी पौंडांच्या वर होती आणि बायकांसाठी अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे शंभराला एकसुद्धा नाही! हे विचारणारा लुईस एकटा नव्हता, पण गावठाणातला क्लब सगळ्यांत मोठ्यानं बोलला. २०२२-२३ च्या हंगामात बायकांच्या बक्षिसांची रक्कम ३० लाख पौंडांवर गेली. बरोबरी अजून लांबच, पण हलली तरी. त्याच हंगामात लुईसच्या मुली ह्या कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचल्या. मँचेस्टर युनायटेडसारखा बलाढ्य संघ त्या खोलगट मैदानावर आला. लुईस १-३ अशा फरकानं हरला, पण एक गोल त्यांनीही मारला.

शेवट गोड करून सांगण्याचा मोह होतो, पण इतिहास तसा चालत नाही. श्रीमंत क्लब आता आपल्या बायकांच्या संघांवर पैसा ओतू लागलेत आणि त्यांच्यापुढे गावाची झोळी अपुरी पडते. २०२४ मध्ये लुईसचा बायकांचा संघ दुसऱ्या श्रेणीतून खाली उतरला. काहींना वाटेल, बघा, प्रयोग फसला. मला तसं वाटत नाही. पुरुषांचा संघ तर सव्वाशे वर्षांत कितीदा खाली आला, पण म्हणून त्याचं मानधन बंद करा असं कुणी म्हटलं नाही. हरण्याची मुभा मुलाला जेवढी, तेवढीच मुलीलाही असणं, हाही समान वाटणीचाच भाग आहे.

आपल्या घरांतून मुलींचं कौतुक आता पुष्कळ होतं. निकालाच्या दिवशी पेढे वाटतात, फोटो काढतात. पण क्लासची फी, परगावचं वसतिगृह, खेळाचे बूट ह्यांचा हिशेब लिहायची वेळ आली की पेन कुठं अडखळतं, ते प्रत्येकीनं आपापल्या वहीत बघावं. लुईसची कमाई थोडीच होती. ती वाढायची वाट न बघता त्यांनी थोड्यातलंच अर्धं अर्धं केलं.