तालमीतून पुणे महापालिकेत : मुरलीधर मोहोळ यांची वाटचाल, आणि गावच्या खेळाडूंनी काय बघावं

तेरखेडा : कॉलेजात असताना कबड्डी, खो-खो, कुस्ती गाजवलेली पोरं आपल्या भागात गावोगाव आहेत. शिक्षण संपलं की खेळ सुटतो. कुणी शेती बघतं, कुणी फटाक्याच्या कारखान्यात कामाला जातं. निवडणूक आली की प्रचाराला हीच पोरं लागतात, उमेदवारी मात्र दुसऱ्यालाच मिळते. खेळाडू स्वतः या वाटेने कुठवर जाऊ शकतो, याचं उदाहरण म्हणजे पुण्याचे मुरलीधर मोहोळ.

मोहोळ मूळचे मुळशी तालुक्यातील मुठा गावचे, जन्म १९७४ चा. कोल्हापूरला तालमीत राहून त्यांनी कुस्ती केली आणि कॉलेजही तिथंच केलं. पुण्यात परतल्यावर भाजपचे कार्यकर्ते झाले, पुढे नगरसेवक. तेही एकदा नाही, चार वेळा. २०१७ मध्ये स्थायी समितीचे अध्यक्ष आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर झाले. चारच महिन्यांत कोरोना आला. जुलै २०२० मध्ये त्यांना स्वतःलाही लागण झाली. २०२४ ला ते खासदार झाले आणि केंद्रात सहकार व नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री. पक्ष कोणता ते सोडा, पण दिल्लीआधी कितीतरी वर्षं गल्लीतल्या पाणी-गटारीच्या कामात गेली, हे आपल्या पोरांनी बघावं. नुसतं वाढदिवसाचं बॅनर लावून हे होत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या खो-खोपटू सारिका काळे यांची वाट वेगळी. २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिकाताईंनी तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम केलं. सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे दोन्हीतलं एक ठरवावं लागतं.

ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर वय २१ पूर्ण पाहिजे आणि गावच्या मतदार यादीत नाव पाहिजे. १ जानेवारी १९९५ नंतर जन्म असेल तर सरपंचपदासाठी किमान सातवी पास लागते. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, म्हणजे खेळाडू मुलींनाही संधी आहे. राखीव प्रवर्गातून उभं राहणाऱ्यांनी जात पडताळणीची फाईल आधीच टाकावी, कारण ऐन निवडणुकीत त्या कार्यालयात रांगा लागतात. आणि त्याच्याही आधी ग्रामसभेला जायला लागा. तिथं पंचायतीचा जमाखर्च वाचला जातो आणि मतदार असलेल्या कुणालाही उठून विचारता येतं.