कुबडीची झाली स्की

दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या डोंगराळ गावांतली जी पोरं लढायला गेली, त्यांतल्या कित्येकांना लहानपणापासून स्की येत होती. परतली तेव्हा कुणाचा पाय गेलेला, कुणाचा हात. बर्फाचा उतार मात्र होता तिथेच होता. अपंगांच्या अल्पाइन स्की शर्यतींचं कूळ या पोरांपाशी जाऊन पोचतं.

सेप झ्विकनागल हा त्यांच्यातलाच. हातबॉम्बने दोन्ही पाय गेल्यावर हा ऑस्ट्रियन गडी कृत्रिम पाय लावून आपला आपणच स्की शिकला आणि पुढे किट्झब्यूहेलला इतरांना शिकवू लागला. जगातल्या सर्वांत अवघड डाउनहिल शर्यतींपैकी एक जिथे होते, ते हे गाव. तिथे शिक्षक म्हणून उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हे.

एकच पाय उरलेल्यांची अडचण वेगळी होती. एका स्कीवर सरळ घसरत जाता येतं, पण वळताना अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं आणि तिथे टेकायला दुसरा पाय नसतो. कुबडी टेकवावी, तर ती बर्फात रुतते. जर्मनीच्या फ्रान्झ वेन्डेल यांनी युद्धकाळातच कुबड्यांच्या टोकांना आखूड स्की जोडल्या. आता कुबडी रुतायची थांबली आणि माणसाबरोबर घसरू लागली. कोकणातल्या लहान होडीला बाजूची उलांडी जशी कलंडू देत नाही, तसंच हे काम.

आज या साधनाला आउटरिगर म्हणतात. कोपराखाली हात अडकवायला कडं, धरायला मूठ आणि खाली बिजागरीवर हलणारी छोटी स्की. काही आउटरिगरना मुठीपाशी दोरी असते. ती ओढली की स्की उभी होते, तिच्या मागच्या टोकाचे दात बर्फात रुततात आणि रांगेत उभं राहायला पुन्हा साधी कुबडी मिळते. एका पायाचा खेळाडू उतरून गेला की मागे तीन रेघा उमटतात, म्हणून या प्रकाराला ‘थ्री-ट्रॅक’ म्हणतात.

1948 मध्ये ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइनला अशा अपंग खेळाडूंची स्की स्पर्धा भरली, तेव्हा खेळाडू होते अवघे 17. पहिलं हिवाळी पॅरालिंपिक उजाडायला 1976 साल लागलं. ते स्वीडनच्या अर्न्शल्ड्सविकला झालं. उतारावरच्या शर्यती तेव्हा दोनच होत्या, खांबांमधून वळत उतरायच्या स्लॅलम आणि जायंट स्लॅलम. सर्वांत वेगवान असलेली डाउनहिल आली 1984 मध्ये, इन्सब्रुकला.

या सगळ्यात कमरेखाली लुळे पडलेले लोक बराच काळ काठावरच राहिले. त्यांच्यासाठी उभं राहण्याची अटच काढून टाकावी लागली. सिट-स्कीत खेळाडूच्या मापाचं खोलगट आसन, त्याखाली धक्के शोषणारी स्प्रिंग आणि तिच्याखाली एकच स्की असते. आसनात पट्ट्यांनी आवळून घेतलेला खेळाडू कंबर, खांदे आणि दोन्ही हातांतल्या आखूड आउटरिगरच्या जोरावर वळतो. युद्धातल्या कुबडीची वंशज अशी बसलेल्या माणसाच्याही हातात आली. 1988 च्या इन्सब्रुक पॅरालिंपिकमध्ये हे खेळाडू उतारावर उतरले. आज डाउनहिलमध्ये ते ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जातात.

अंध आणि अल्पदृष्टी खेळाडूंपुढे वाटाड्या धावतो. हेल्मेटमधल्या रेडिओवर तो वळण, चढ-उतार, बर्फाचा कडकपणा सांगत असतो. दोघांमधलं अंतर वाढलं तर आवाज पोचूनही उपयोग नसतो, कारण सांगितलेलं वळण खेळाडूपाशी चुकीच्या क्षणी येतं. इतक्या वेगात दुसऱ्याच्या शब्दावर अंग टाकून द्यायला किती विश्वास लागत असेल! पदक मिळालं तर ते वाटाड्याच्याही गळ्यात पडतं, आणि ते योग्यच आहे.

खरा पेच तुलनेचा. एक हात नसलेला आणि एक पाय नसलेला यांच्यात जिंकलं कोण? पूर्वी बारीकबारीक गट पाडून वेगवेगळी पदकं देत. काही गटांत स्पर्धक मूठभरच असत. 2006 च्या तुरीन पॅरालिंपिकपासून उभे, बसलेले आणि दृष्टिबाधित असे तीनच विभाग राहिले. अपंगत्वाच्या वर्गानुसार प्रत्येकाला गुणक मिळतो आणि घड्याळातल्या वेळेला त्याने गुणतात. समजा गुणक 0.90 असेल, तर 100 सेकंदांची धाव 90 सेकंदांची धरली जाते. त्यामुळे घड्याळात सर्वांत कमी वेळ नोंदवणारा पहिला येईलच असं नाही, आणि शेवटचा स्पर्धक खाली पोचेपर्यंत आघाडीवरच्यालाही पदकाची खात्री नसते.