तांबडी समुद्रशैवले : ओळख आणि नामकरण

समुद्रकाठी सापडलेल्या शैवलाची जात त्याच्या रंगावरून निश्चित करता येते, ही समजूत एकोणिसाव्या शतकातील शैवलशास्त्राच्या मुळाशी होती. फ्रेंच अभ्यासक लामूरू याने १८१३ मध्ये रंगाला वर्गीकरणात स्थान दिले. आयर्लंडच्या विल्यम हेन्री हार्वी (१८११–१८६६) याने १८३६ मध्ये तेच तत्त्व पुढे नेऊन काळपट, तांबडी व हिरवी असे मुख्य विभाग पाडले. तांबड्यांना त्याने दिलेल्या 'ऱ्होडोस्पर्मी' या संज्ञेचा व्युत्पत्त्यर्थ 'तांबड्या बीजाची' असा होतो. शैवलांना बी नसतेच; तथापि संज्ञा रूढ झाली, कारण ती वापरणाऱ्यांस रंगच पाहावयाचा होता.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर मात्र रंग दगा देतो. तांबडा वर्ण ज्या फायकोएरिथ्रिन या द्रव्यामुळे येतो, ते प्रखर उन्हात विघटित होते. म्हणून उथळ डबक्यातील काँड्रस क्रिस्पस हिरवट दिसते, आणि लाटांनी बाहेर टाकलेले तर पार पांढरे पडते. ॲना ॲटकिन्स या विदुषीने १८४३ पासून हार्वीच्या नामावलीस अनुसरून शैवलांचे निळे छायामुद्रण प्रसिद्ध केले. रंगावर उभारलेल्या वर्गीकरणास रंगाविना चित्रित करण्याचा हा प्रकार मोठा मौजेचा. परंतु त्यात शाखांची ठेवण उत्तम उतरली आहे. पुढे श्मित्स या जर्मन संशोधकाने १८८३ मध्ये फलनानंतरच्या अंतर्गत घडामोडींकडे लक्ष वेधले, आणि ओळखीचे काम भिंगाकडून सूक्ष्मदर्शकाकडे गेले.

रूपावर विसंबण्यातील खरा धोका याहून निराळा होता. शिंपल्यांच्या कवचात गुलाबी डागांच्या रूपाने वाढणाऱ्या एका सूक्ष्म तंतुमय शैवलास बॅटर्सने १८९२ मध्ये 'काँकोसेलिस रोझिआ' हे नाव देऊन स्वतंत्र जात मानले. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्र्यू-बेकर (१९०१–१९५७) यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की ही जात नव्हेच; वेल्समध्ये खाल्ल्या जाणाऱ्या पातळ, पानासारख्या पोर्फिराच्या जीवनक्रमातील ती एक अवस्था होय. एकाच वस्तूस दोन नावे पडली होती, आणि नावे भिन्न म्हणून वस्तूही भिन्न मानल्या गेल्या.

ही चूक केवळ ग्रंथांपुरती नव्हती. जपानी शेतकरी पोर्फिराचीच 'नोरी' शतकानुशतके पिकवीत; पण उन्हाळ्यात ती कोठे नाहीशी होते आणि तिचे बीजाणू कोठून येतात, हे त्यांस ठाऊक नव्हते. पीक बुडाले तर पुढच्या हंगामाची वाट पाहावी, एवढाच उपाय होता. ड्र्यू-बेकर यांच्या निष्कर्षानंतर जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर काँकोसेलिस वाढवून बीजाणू जाळ्यांवर घेण्याची रीत सिद्ध केली. १९६३ मध्ये कुमामोतो प्रांतातील उतो येथे त्यांचे स्मारक उभारण्यात आले; स्वतः त्या जपानला कधीच गेल्या नव्हत्या.

'काँकोसेलिस' हा शब्द मात्र लोपला नाही. जातीचे नाव म्हणून तो बाद झाला, तरी त्या अवस्थेचे नाव म्हणून शैवलशास्त्रात तो आजही चालतो.